‘सर, फाइल उघडत नाही’

प्रबंध आणि प्रकल्प जमा करायचे दिवस आले की सातारा-सांगलीकडून येणाऱ्या प्रश्नांत एकच रड असते, फाइल उघडत नाही. म्हणून पुन्हा एकदा उत्तरं देतो.

लिब्रे ऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतं, म्हणजे ते बेकायदेशीर का? (बी.कॉम., कराड)

अजिबात नाही. वापरा, वाटा, बदला असं त्याचा परवानाच सांगतो.

दुकानदार म्हणतो, ‘पाचशे दे, सगळं ऑफिस टाकून देतो, लाइफटाइम.’ घेऊ का? (अभियांत्रिकी, विश्रामबाग, सांगली)

नको. ती क्रॅक केलेली प्रत असते. ती चालावी म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, यातच काय ते ओळखा. काही जण तर फुकटचं सॉफ्टवेअर टाकून त्याचीही ‘किंमत’ घेतात. बसवून देण्याची मजुरी जरूर द्या, पण कशाची देताय ते आधी विचारा.

माझा लघुप्रबंध डीटीपी सेंटरवर कृतिदेवमध्ये टाइप करून घेतला. घरच्या लॅपटॉपवर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. फॉन्ट टाकला की झालं ना? (एम.ए. मराठी, वाई)

नाही झालं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण यात दरवर्षी पोरांची मेहनत पाण्यात जाते.

कृतिदेवच्या फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. ‘सांगली’ टाइप केलंत की आत एल, के, ए, एक्स, वाय, एच ही सहा इंग्रजी अक्षरं पडतात. फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो, एवढंच. फॉन्ट टाकल्यावर तुम्हाला वाचता येईल, पण संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हेच. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ‘सांगली’ लिहून शोधा, एकदाही सापडणार नाही. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जातात. जुन्या फॉन्टातल्या पीडीएफमधून उतारा उचलायला गेलं की हाती असलाच पाला लागतो.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी ‘युनिकोडची छपाई नीट येत नाही’ असं आजही ऐकवतात. कोणी पाहिलंय? मुक्ता, नोटो सान्स देवनागरी असे सुबक फॉन्ट मोफत आहेत, एक पान छापून बघा.

आता काय करायचं? सेंटरवरून मूळ फाइल आजच आणा, नुसता प्रिंट नको. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग ओळ न् ओळ डोळ्यांनी वाचा. मी एकीचा मजकूर तपासला तेव्हा ‘कार्य’चा रफार भलत्याच अक्षरावर बसला होता, आणि वेलांट्या तर जागोजागी सरकल्या होत्या. मग फाइल ओडीटीमध्ये, म्हणजे लिब्रे ऑफिसच्या नेहमीच्या फाइल-स्वरूपात, जतन करा. हे स्वरूप २००६ पासून आयएसओ मानक आहे, कुण्या एका कंपनीच्या मर्जीवर नाही. ओडीटी म्हणजे झिप फाइलच असते. उघडली की आत तुमचा मजकूर साध्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुरात, दिसतो. उद्या एखादं सॉफ्टवेअर बंद पडलं तरी तो बाहेर काढता येतो.

पण फॉन्ट बदलला की पानं हलतात, अनुक्रमणिका चुकते. तेव्हा विद्यापीठाने कोणता फॉन्ट सांगितलाय ते मार्गदर्शकांना विचारून मगच हात घाला.

मी ओडीटी पाठवते, सर वर्डमध्ये उघडतात आणि तक्ते हलतात. (एम.कॉम., मिरज)

मूळ प्रत ओडीटीतच ठेवा. सरांना दुरुस्त्या करायच्या असतील तर वर्डची डॉकएक्स (.docx) प्रत पाठवा, नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफ. फॉन्ट दोन्हीकडे तोच हवा, आणि स्पेसबार दाबून ओळी जुळवायची सवय सोडा. जमा कोणत्या स्वरूपात करायचं ते विभागात विचारा, मैत्रिणीला नको.

पंधरा दिवसांनी प्रकल्प जमा करायचाय. विंडोज काढून उबुंटू (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू का? (बी.सी.ए., तासगाव)

आत्ता नको. पेनड्राइव्हवरून चालवून बघा, वायफाय आणि प्रिंटर चालतात का ते कळेल. प्रकल्प जमा झाल्यावर सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि माहीतगार माणसाला शेजारी बसवूनच पुढचं करा. परीक्षेचं एखादं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं का, हे त्याआधी कॉलेजच्या लॅबमध्ये विचारून घ्या.