भिंतीवर चालणारी राखाडी 'बी' कसली?

प्रश्न : बाथरूमच्या भिंतीवर राखाडी रंगाचं, भोपळ्याच्या बीसारखं चपटं काहीतरी चिकटलेलं दिसतं. आधी वाटलं प्लास्टरचा पोपडा असेल, पण परवा ते चक्क सरकत होतं, आणि कधी या टोकातून तर कधी त्या टोकातून बारीकसं डोकं बाहेर येत होतं. दोन तोंडांचा किडा आहे का हा? घरात लहान बाळ आहे, चावेल का?

उत्तर : चावत नाही, डंखही मारत नाही, तेव्हा बाळाची काळजी नको. आणि तोंड एकच आहे हो! ही एका छोट्याशा पतंगाची अळी. तुम्हाला दिसते ती तिची पिशवी, साधारण १ सेंटीमीटर लांब. आतून मऊ रेशीम, ते अळी स्वतःच काढते, आणि बाहेरून वाळूचे कण, धूळ, कपड्यांचे तंतू, जे मिळेल ते चिकटवलेलं. पिशवी दोन्ही टोकांना उघडी आणि मधे फुगीर, त्यामुळे अळी आतल्या आत वळते आणि पाहिजे त्या बाजूने डोकं काढून चालायला लागते, मला तर ही रचना फारच भारी वाटते.

मादी भिंत आणि जमिनीच्या सांध्यातल्या कचऱ्यावर अंडी घालते, एकेक अर्ध्या मिलिमीटरहून लहान. दहाएक दिवसांनी अळी निघते ती लगेच पिशवी विणायला घेते आणि मग वाढेल तशी पिशवीही मोठी करत जाते, कात टाकते तीसुद्धा आतच. साधारण ५० दिवसांनी पिशवी भिंतीला चिकटवून आतच कोष करते, आणि दोनेक आठवड्यांनी राखाडी पतंग बाहेर पडतो. पिशवीच्या टोकाला कोषाचं रिकामं टरफल लटकत असेल तर समजा पतंग उडाला.

तिचं खाणं म्हणजे जुनी जळमटं, मेलेले किडे, गळलेले केस. लोकरही खाते, ही लोकर खाणाऱ्या पतंगांच्याच कुळातली, म्हणून लोकरीचे कपडे तेवढे जपा. सुती कपड्यांना मात्र हात लावत नाही.

हिला दमट हवा लागते म्हणून बाथरूममध्ये जास्त दिसते. स्प्रे मारत बसू नका, विशेषतः बाळ असताना तर नकोच. जळमटं काढा, कोपरे आणि कपाटामागची जागा व्हॅक्यूम करा, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. दिसलेल्या पिशव्या कागदावर घेऊन बाहेर टाकल्या तरी चालेल.