कुटुंबाचा इतिहास शिकायला निघालात तर

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाचा कुटुंब-इतिहासाचा डिप्लोमा असो की स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचा वंशावळशास्त्राचा अभ्यासक्रम, दोन्ही घरबसल्या ऑनलाइन करता येतात. पण पहिल्यात कुटुंबाची गोष्ट लिहिण्यालाही जागा आहे, दुसऱ्याचा भर कागदपत्रं आणि जुनी हस्ताक्षरं वाचण्यावर. तेव्हा फी विचारण्याआधी विषयांची यादी बघा.

वंशवृक्ष लांबवायची घाई नको. (खापरपणजोबांपर्यंत पोचल्याची फुशारकी सगळेच मारतात.) एकच नोंद नीट वाचायला शिका. मृत्यूचा दाखला घ्या. त्यावरची मृत्यूची तारीख सहसा भरवशाची, कारण नोंद लगेच झालेली असते. पण त्याच कागदावरचं जन्मसाल किंवा आईचं माहेरचं आडनाव? ते जावयानं नाहीतर शेजाऱ्यानं ऐकीव माहितीवर सांगितलेलं असू शकतं. माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं नोंदवलेलं असेल, तर तो रकाना सगळ्यात आधी वाचायचा.

लिहायला बसलात की पणजीच्या मनात काय चाललं होतं ते ठोकून देऊ नका. ‘बहुधा’, ‘असावं’ हे शब्द बिनदिक्कत वापरा. कुठली माहिती कुठून मिळाली ते त्याच दिवशी टिपून ठेवा, नंतर शोधून सापडत नाही. आणि हयात नातेवाइकांबद्दल लिहायचं तर आधी त्यांना विचारा.