साडेदहाला झोपायचं, वजनाचं नंतर बघू

"ताई, वय 36, वजन 79 किलो, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा तीनचा. लग्नाच्या वेळी 58 होते, धाकट्याच्या वेळी वाढलं ते उतरलंच नाही. दोन जिने चढले की धाप लागते, मुलगी म्हणते आई तू पकडापकडी खेळत नाहीस. माझं काम अर्धवेळ आहे, पैसे जेमतेम पुरतात. जिमची फी मागे एकदा भरली ती वाया गेली. आता ओळखीतले एकजण जुनी ट्रेडमिल विकतायत, हप्त्याने देतील, घेऊ का? आणि स्वस्तातला डाएट प्लान सांगा. माझ्यात इच्छाशक्तीच नाही. साडेपाचला अलार्म लावून उठते आणि नुसती बसून राहते. रात्री मुलं झोपली की सगळं आवरून दीड वाजेपर्यंत व्यायामाचे व्हिडिओ बघते, तेवढाच काय तो माझा वेळ. दिवसभर नीट खाते पण संध्याकाळी ताबा सुटतो, मुलांच्या खाऊचे डबे मीच संपवते. नवरा समजूतदार आहे, वजनावरून कधी एक शब्द बोलत नाही, तो बिचारा थकून साडेदहालाच झोपतो. काय करू?"

अगं, तुझं वय, वजन, जिम, ट्रेडमिल सगळं वाचलं पण मी अडकले ते एकाच ठिकाणी. दीडला झोपतेस आणि साडेपाचला उठतेस. चार तास! आणि हे तू असं जाता जाता लिहिलंयस की जणू त्याचा तुझ्या वजनाशी काही संबंधच नाही, आणि वर स्वतःला इच्छाशक्ती नसलेली म्हणवून मोकळी. मला राग आला बघ हे वाचून. तुझा नाही आला, तू स्वतःवर लावलेल्या त्या आरोपाचा आला. चार तास झोपून पहाटे उठणारी बाई नुसती बसून राहते कारण तिच्या अंगात काही शिल्लकच नसतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

संध्याकाळी ताबा सुटतो म्हणतेस ना, तर ऐक. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता, निरोगी तरुण पुरुषांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, म्हणजे अगदी तुझ्याएवढंच. भरपूर झोपेच्या दिवसांशी तुलना केली तर भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन 28 टक्के वाढलं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे हार्मोन 18 टक्के उतरलं, आणि त्यांना सगळ्यात जास्त हवंसं वाटलं ते गोड, खारट, पिठूळ खाणं. ही धडधाकट मुलं होती आणि दोनच रात्री. तुझ्या किती वर्षं चालल्यात? तेव्हा तो खाऊचा डबा तू हावरटपणाने संपवत नाहीस, तुझं शरीर तुला खा खा म्हणत असतं.

आणि समजा तू दात-ओठ खाऊन डाएट केलंसच, तरी काय होतं तेही बघितलंय त्यांनी. 2010 मध्ये तिथेच काही जाड माणसांना सारखंच कमी खायला दिलं, दोन आठवडे साडेआठ तास झोपेची मुभा आणि दोन आठवडे साडेपाच तासांची. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी गेली आणि स्नायू जास्त गेले. म्हणजे उपाशी राहायचं आणि जायला नको तेच घालवायचं. उलट 2022 साली कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या लोकांना फक्त झोप वाढवायला मदत केली, खाण्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही, तर ती माणसं दिवसाला सरासरी 270 कॅलरी आपोआप कमी खायला लागली. यासाठी पैसे किती लागले तर काहीच नाही. बजेट टाइट आहे म्हणतेस, मग जी गोष्ट फुकट आहे तीच तू सोडून दिलीयेस आणि ट्रेडमिलचे हप्ते भरायला निघालीयेस. नको घेऊस. त्यावर कपडे वाळत पडतील आणि रोज ते बघून तू परत स्वतःला दोष देशील.

आता नवरा. समजूतदार आहे, वजनावरून बोलत नाही, छान. पण साडेदहाला तो झोपतो आणि त्यानंतर "सगळं आवरून" जे काही होतं ते कोण करतं? भांडी, सकाळच्या डब्यांची तयारी, मुलीची बॅग, युनिफॉर्म, धाकट्याचं रात्री उठणं, हे सगळं तू एका ओळीत गुंडाळलंस, कारण तुला ते काम वाटतच नाही. तो दिवसभर राबतो हे मान्य, तूही राबतेस, नोकरीवर आणि घरीही. घरात एक माणूस सात तास झोपतो आणि दुसरं चार, आणि बिचारा मात्र सात तासवाला, हा हिशोब मला पटत नाही. मी त्याला वाईट म्हणत नाहीये, त्याला बहुतेक माहितीच नसेल तू किती वाजता पडतेस, कारण तो तेव्हा घोरत असतो. पण माहिती नसणं ही काही मोठी माणुसकी नाही. आता त्याला माहिती करून द्यायची.

तुला एकच गोष्ट सांगतेय. रात्री साडेदहाला तू पण अंथरुणात, तो झोपतो त्याच वेळी, मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. साडेदहाला जे काम उरलं असेल ते तसंच राहील नाहीतर तो करेल. सिंकमधली भांडी सकाळपर्यंत कुणाला चावत नाहीत. धाकटा रात्री उठला तर एक रात्र तू, एक रात्र तो. साडेपाचचा अलार्म काढून टाक, कामासाठी जेव्हा उठावंच लागतं तेव्हाच उठ. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात, तुलाही लागतात, आई झाल्यावर त्यात सूट मिळत नाही. तीन आठवडे एवढंच, दुसरं काहीही नाही, वजनकाट्यावरही चढू नकोस.

मला माहितीये तू काय म्हणशील. "ताई, पण तो एक तास माझा होता." कळतं गं मला ते. दिवसभर कुणी ना कुणी तुला हाक मारत असतं, रात्रीच काय ती शांतता मिळते आणि ती सोडवत नाही. पण त्या वेळात तू करतेस काय, तर दुसऱ्या बायकांना सपाट पोटाने उड्या मारताना बघतेस आणि स्वतःबद्दल अजून वाईट वाटून घेऊन झोपतेस. तो वेळ तुला हवाच आहे, फक्त तो रात्री चोरून घ्यायचा नाही, संध्याकाळी उजळ माथ्याने मागून घ्यायचा. जेवणाआधी अर्धा तास मुलं त्याच्याकडे, तू बाहेर, एकटी. चाल, नाहीतर बाकावर बस, तुझी मर्जी.

व्यायामाचं म्हणशील तर ते झोप आली की येतंच, त्याची फार काळजी नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलंय ते एवढंच की आठवड्याला किमान 150 मिनिटं थोडं दमवणारी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, आणि पूर्वी सलग दहा मिनिटं पाहिजेत म्हणायचे ती अट पण काढली. म्हणजे मुलीबरोबर पाच मिनिटं पकडापकडी खेळलीस तरी ती मोजायची. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस आणि भिंतीवर हात टेकून पुशअप, एवढ्यात स्नायूंची सुरुवात होते, यंत्र लागत नाही. आणि एक, नीट झोपूनही महिनाभराने असाच थकवा राहिला किंवा तू जोरात घोरत असशील तर डॉक्टरला दाखव, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे.

पण ते नंतर. आज रात्री जेवताना, मुलं समोर असली तरी चालेल, नवऱ्याला सांग: "मी चार तास झोपते, आजपासून मी साडेदहाला झोपणार, भांडी आणि डबे आपण दोघं मिळून दहापर्यंत संपवू." 'जमेल का' असं विचारू नकोस, सांग. तो मी खूप थकलेला असतो म्हणाला तर वाद घालू नकोस, उठून त्याच्या हातात घासणी दे आणि तू भांडी विसळायला लाग.