‘फुले तोडू नये’ की ‘फुले तोडू नयेत’?

बागेतल्या एका पाटीवर ‘फुले तोडू नये’ आणि दुसरीवर ‘फुले तोडू नयेत’ असे वाचले, यांतले शुद्ध कोणते, शिवाय अशा पाट्यांवर ‘नका’ऐवजी ‘नये’ का लिहितात, असा प्रश्न आहे.

प्रमाण लेखनात ‘फुले तोडू नयेत’ हेच योग्य. ‘नये’ हा मुळात ‘न ये’, म्हणजे ‘येणे’ या क्रियापदाचे नकारार्थी रूप आहे. ‘फुले तोडता येत नाहीत’ या वाक्यातही तेच ‘येणे’ आहे आणि तिथे ‘नाहीत’ हे अनेकवचन आपण सहज वापरतो. ‘नयेत’मध्येही क्रियापद ‘फुले’ या कर्माच्याच वचनाप्रमाणे चालते. लिंगाचा मात्र त्यावर परिणाम होत नाही. होकारार्थी सूचनेत ‘अर्ज भरावा, पावती घ्यावी, नाव लिहावे’ अशी रूपे बदलतात, पण नकारात तिन्हींना ‘नये’ पुरते, कारण ‘ये’ हे जुन्या वळणाचे रूप आहे आणि ‘तो जाई, ती जाई, ते जात’ या रूपांप्रमाणे ते पुरुष व वचन दाखवते, लिंग नाही. मला ‘आत येऊ नये’ ही पाटी यासाठी फार आवडते, कारण तिच्यात ‘येणे’ दोनदा आले आहे, एकदा चालत येण्याच्या अर्थाने आणि एकदा उचित असण्याच्या.

कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ प्रत्यय लागला, की ते अनेकवचनी असले तरी क्रियापद एकवचनीच राहते. म्हणून ‘प्राण्यांना डिवचू नये’ बरोबर आहे. ‘येथे थुंकू नये’ यात कर्मच नसल्याने प्रश्न उद्भवत नाही. ‘वाहने उभी करू नये’ ही पाटी मात्र चुकीची असून तिथे ‘नयेत’ हवे.

‘नका’ म्हटले की समोरच्या माणसाला थेट सांगितल्यासारखे होते. ‘नये’मध्ये कोणालाच उद्देशून बोललेले नसते, त्यामुळे तो पाटीसमोर येणाऱ्या प्रत्येकाला सारखाच लागू होणारा संकेत ठरतो आणि वाचणाऱ्याचा मानही राखला जातो. ‘थुंकण्यास सक्त मनाई आहे’ ही भाषा याहून कडक, कारण तिच्यामागे मनाई करणारी सत्ता उभी असते. यातला ‘मनाई’ मूळचा अरबी आणि ‘सक्त’ फारसी ‘सख्त’वरून आलेला, मराठीत तो ‘सक्त’ असाच रुळला असल्याने पाटीवर ‘सख्त मनाई’ लिहू नये.