आत येऊन बस

बाळा,

रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. ‘काका, गेटपर्यंत आलतो, पण ओळखीची गाडी दिसली, मग माघारी फिरलो.’ सहाला ‘येऊलालो’ म्हणाला होतास, म्हणून शेजारी पिशवी ठेवून तुझी जागा धरून बसलो होतो. दारू सोडणाऱ्यांची आपली मिटिंग संपली, चहा झाला, पिशवी उचलली आणि घरी आलो.

ती गाडी कुणाची हे मी सांगणार नाही. तूही तर्क लढवू नको. तिथं पाहिलेलं, ऐकलेलं तिथंच ठेवायचं असतं. पण लेका, संध्याकाळी साडेसातला मिटिंगच्या त्या शाळेत कोण काय पेपर तपासायला येतं काय? तुझं नाव गावात सांगायचं तर आधी स्वतः तिथं काय करत होतो हे त्या गाडीवाल्याला सांगावं लागेल की.

पुढं तू चार प्रश्न विचारलेस. पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हावं का, ऑनलाइन बसावं का, माळ घालावी का, देवाधर्माचं बोलतात ते आपल्याला झेपेल का. सगळ्याचं उत्तर एकच: आधी आत येऊन बस.

एका बाबतीत मात्र थांब. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरत असतील आणि घोटाशिवाय ते थांबत नसतील, तर दारू एकदम तोडू नको. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येते, माणूस नसलेलं बघायला लागतो, जीवही जातो. आधी डॉक्टरला दाखव आणि किती पितोस ते खरं सांग, अर्धं करून नको. गोळ्या सुरू असतानाही मिटिंगला येता येतं. दोघांचं भांडण नाही.

आता माझं ऐक. ऑफिसातल्या एकानं मला पत्त्याची चिठ्ठी दिली होती. ती तीन वर्षं पाकिटात होती. घडीवर घडी पडून फाटली, मी तिला चिकटपट्टी लावली, पण गेलो नाही. चौकशाच करत बसलो. कोण येतं, मोठी माणसं येतात का, फी किती. (फी नसते. शेवटी एक डबा फिरतो, नव्यानं त्यात काही टाकायची गरज नाही.) त्या तीन वर्षांत दोनदा पंढरपूरला जाऊन माळ घातली, आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आत खुंटीला अडकवली. माळेचा दोष नाही. गळ्यात घातली तरी संध्याकाळी सातला मी एकटाच असायचो. त्याच तीन वर्षांत आई गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडायला भाऊ गेले, मी ओसरीत पडून होतो. हे मी दर वर्षी मिटिंगमध्ये सांगतो. सांगून हलकं होतं असं म्हणतात. मला अजून झालेलं नाही. तरी सांगतो.

हे सगळं सुरू कसं झालं माहीत आहे? 1935 सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल हॉटेलात अडकला होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने, आणि समोरून बारमधला गलका कानावर येतोय. तो फोनकडं वळला आणि आपल्यासारखाच दुसरा पिणारा शोधायला लागला. सापडला एक डॉक्टर. पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेटायला आला आणि सहा तास बसला. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आपल्या या मिटिंगा भरवणारी संघटना, त्यातून उभी राहिली. त्या दोघांनी आधी माहिती काढली नव्हती. बसले.

तू देवाचं विचारलंस. मिटिंगमध्ये यायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. ती थोडी असली तरी चालते. तुझ्यात आहे, नाहीतर गेटपर्यंत कशाला आला असतास?

आपलं गाव नकोच असेल तर 14446 ला फोन लाव, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. जवळची सोय विचार. मिळालेल्या नंबरावर निघायच्या आधी फोन कर. जागा बदलतात, वार बदलतात, आणि एसटीनं चाळीस किलोमीटर जाऊन कुलूप बघितलं की तुला माघारी फिरायला निमित्तच मिळेल. ओपन की क्लोज्ड हेही विचार. ओपनला घरचे येऊ शकतात, क्लोज्डला फक्त आपल्यासारखे. मी सुरुवातीला परभणीहून रेल्वेनं नांदेडला जायचो, तोंड लपवायला. सहा महिन्यांनी लाज संपली आणि तिकिटाचे पैसे वाचले.

ऑनलाइन म्हणशील तर तेही बरंच आहे, पण तिथं कॅमेरा बंद करता येतो. तुला मी ओळखतो.

माझी पोरगी म्हणते, ‘बाबा, दारू सुटली, आता मिटिंगची नशा लागली.’ पुतण्याच्या हळदीला मी मंगळवार होता म्हणून गेलो नाही. भाऊ अजून तोंड वाकडं करून बोलतो. त्याला वाटतं एक दिवस चुकला असता तर काय बिघडलं असतं. हळदीच्या मांडवामागं काय चालतं हे त्याला माहीत आहे, मलाही. एक मंगळवार चुकवून मी 2011 साली चार महिने घालवलेत. त्यामुळं कुणी हट्टी म्हणो, विक्षिप्त म्हणो, मी बसतो.

येत्या मंगळवारी मी गेटवर उभा राहून तुझी वाट बघणार नाही. आत असेन. चौथीचा वर्ग आहे, बाक लहान आहेत, गुडघे फळीला लागतात. खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर एक खिळा वर आलाय. पँट सांभाळून बस.

तुझा काका