रॅम ६४ जीबीवरून १२८ जीबी केली आणि संगणक मंदावला, व्हिडिओ रेंडर व्हायलाही जास्त वेळ लागतो. दुकानदार म्हणतो, रॅममुळे असे होणे शक्यच नाही. खरे काय?

शक्य आहे. दुकानदाराचे हेच वाक्य मी १९९८ साली म्हापशात ऐकले होते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आमचा छापखाना होता. जत्रांचा हंगाम सुरू झाला की गावोगावच्या नाटकांची भित्तिपत्रके आमच्याकडे येत आणि नटांची स्कॅन केलेली छायाचित्रे ३२ एमबी रॅमच्या पेंटियमला झेपत नसत. काकांनी एका विक्रेत्याकडून रॅम १२८ एमबी करून घेतली. त्यानंतर छायाचित्रांच्या फाइली लवकर उघडू लागल्या, परंतु बाकी सगळेच जड झाले. पाने मांडण्याच्या पेजमेकर प्रोग्रॅममध्ये साधा मजकूर टाइप करतानाही अक्षरे बोटांच्या मागे राहू लागली. विक्रेत्याने आधी व्हायरसचे कारण दिले, मग विंडोज नव्याने टाकले आणि शेवटी ‘रॅम वाढवून संगणक मंदावला असे जगात कुठे होत नाही’ असे सांगून नवा प्रोसेसर सुचवला.

मी रॅमची ६४ एमबीची एक स्टिक (पट्टी) काढली आणि टायपिंग पूर्ववत झाले. मदरबोर्डवर इंटेलचा ४३०टीएक्स चिपसेट (प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या चिप) होता आणि त्याची कॅशे, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी वेगवान मेमरी, रॅमच्या पहिल्या ६४ एमबीपुरतीच चालत असे. विंडोज ९५ मेमरी वरच्या टोकाकडून वापरायला घेत असल्यामुळे रोजचे प्रोग्रॅम नेमके कॅशे नसलेल्या भागात जाऊन बसत. त्याआधीचा ४३०एचएक्स योग्य जोडणी असल्यास ५१२ एमबीपर्यंत कॅशे करू शकत असे. हे सर्व मी काकांना समजावून सांगितले, तरी त्यांनी विक्रेत्यावरच विश्वास ठेवला. नवा प्रोसेसर त्याच मदरबोर्डवर बसला, त्यामुळे मर्यादा होती तिथेच राहिली आणि पैसे वाया गेले.

तुमचे कारण वेगळे आहे. तुमच्याकडे एएमडी कंपनीचा रायझन ७००० मालिकेचा प्रोसेसर असून दोनऐवजी आता ३२ जीबीच्या चार स्टिक आहेत. दोन डीडीआर५ (सध्याच्या पिढीच्या रॅमच्या) स्टिकसाठी एएमडीचा अधिकृत वेग ५२०० एमटी/से (सेकंदाला इतके दशलक्ष व्यवहार) आहे, तर चार स्टिक बसवल्या की तो ३६०० वर येतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग पाहा. तिथे ३६०० दिसत असेल तर दुकानदाराशी वाद घालण्याची गरज उरत नाही. दोन स्टिक काढा आणि त्याच्यासमोर तोच व्हिडिओ पुन्हा रेंडर करा. बायोस (मदरबोर्डवरील, संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) अद्ययावत करून ४८ जीबीच्या दोन स्टिक घेणे हा माझ्या मते चांगला मार्ग आहे, आणि ज्या विक्रेत्याला मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतील मेमरीचे पान ठाऊक नाही त्याच्याकडून त्या घेऊ नयेत.

मात्र तुमचे काम ६४ जीबीत मावतच नसेल, तर कमी वेगाची १२८ जीबी रॅमसुद्धा डिस्कवर स्वॅप होण्यापेक्षा (रॅममध्ये न मावलेली माहिती डिस्कवर जाण्यापेक्षा) कितीतरी बरी. नव्या स्टिक बसवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहतो, तो दोष नव्हे. त्या वेळेत मेमरीची जुळणी चालू असते. तुम्ही लिनक्स वापरत असाल आणि केवळ मोठ्या फाइली कॉपी करतानाच संगणक अडखळत असेल, तर कारण तिसरेच असू शकते: डिस्कवर लिहायचा मजकूर उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत साठू दिला जातो, म्हणून रॅम वाढली की हा ढीगही वाढतो आणि संथ डिस्कवर तो उतरेपर्यंत बाकी कामे खोळंबतात. तिथे टक्केवारीऐवजी बाइटमध्ये ठरावीक मर्यादा घालावी.