गुहेची वेळ समुद्र ठरवतो

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तुझा प्रवासाचा आराखडा वाचला. पाच मित्र, एक गाडी आणि चार दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता, हे सगळे उत्तम आहे. परंतु तिसऱ्या दिवशी 'दुपारच्या जेवणानंतर गुहा' असे जे लिहिले आहेस, ते खोडून टाक. समुद्राच्या पातळीवरच्या गुहेत कधी शिरायचे, हे आपल्या जेवणावर नव्हे, ओहोटीवर ठरते. आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून गुहेची वेळ निश्चित कर आणि मुक्काम व गाडीचे टप्पे तिच्याभोवती बसव.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे आजची सोयीची वेळ उद्या जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. वाटेत एक मुक्काम वाढला, तर गणित नव्याने मांडावे लागेल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप दूर हटते आणि एरवी न दिसणारी गुहांची तोंडे उघडी पडतात, पण त्याच उधाणात ते परतते तेही अधिक वेगाने. माणूस फसतो तो पहिल्या तासात. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला पाणी साधारण बाराव्या हिश्श्याइतकेच चढते, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून निम्मे. विशीत असताना मी खडकावर चपला काढून असाच आत रेंगाळलो होतो. बाहेर आलो तेव्हा एक चप्पल तरंगत होती, दुसरी दिसतच नव्हती, आणि येताना ओलांडलेल्या वाळूवर मांडीभर पाणी होते. तेव्हा ओहोटी चालू असतानाच आत जा आणि पाणी उलटण्यापूर्वी बाहेर या. वेळापत्रकात लाटांची उंची नसते, म्हणून समुद्र खवळलेला असेल तर गुहेचा बेत रद्दच समज.

तोंडाशी पोहोचल्यावर आधी भिंत पाहा. शेवाळाचा पट्टा आणि खडकाला चिकटलेले शिंपले जिथवर आहेत, तिथवर पाणी नेहमी येते. मग छतातली भेग शोध; बहुतेक वेळा गुहा तिच्यामुळेच जन्मलेली असते. लाट भेगेत घुसली की आतली हवा दाबली जाते, त्या दाबाने खडक सैल होतो आणि वाळू-गोटे उरलेले झिजवतात. हे काम अजून थांबलेले नाही, त्यामुळे धारदार कडांचे ताजे दगड जिथे पडलेले दिसतील तिथे फोटोसाठीसुद्धा बसू नका. माणशी एक विजेरी हवी. मोबाइलचा उजेड मी हिशेबात धरत नाही.

गाडीविषयी एवढेच, की चालवणाऱ्याने समुद्र पाहायचा तो गाडी थांबवून. आणि पाचांपैकी एकानेही 'मागे फिरू' म्हटले, तर वाद न घालता सगळ्यांनी फिरायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्या.

सुधारलेला आराखडा पाठव. पौर्णिमा कोणत्या दिवशी येते, तेही त्यात लिही.

तुझा हितचिंतक